मोतीबिंदूनंतरचा निळा

एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची अजून व्हायची असली, की मधल्या दिवसांत एक गंमत करून पाहावी. खिडकीशी पांढरा कोरा कागद धरायचा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकायचा. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला कागद पांढराशुभ्र, किंचित निळसरच दिसतो. दुसऱ्याला तोच कागद चहा सांडून वाळल्यासारखा दिसतो. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवायला लागतो. हे इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेत राहतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. (काही कृत्रिम भिंगांना मुद्दाम पिवळसर छटा दिलेली असते, त्यांच्या बाबतीत हा फरक कमी जाणवतो.)

पंचविशीत क्लिक थ्री किंवा याशिका गळ्यात अडकवून फिरलेली, पुढे नोकरी, लोकल आणि मुलांच्या शाळा यांत कॅमेरा माळ्यावर विसरलेली माणसं पुन्हा फोटोकडे वळतात ती साधारण याच वयात. त्यांनी सुरुवातीला आपल्याच डोळ्यांवर थोडा अविश्वास ठेवावा. नवं भिंग बसलेल्या डोळ्याला सगळं निळसर वाटतं म्हणून मोबाइलवर पिवळा वाढवत गेलं, की प्रिंट हातात येते तेव्हा घरातल्या सगळ्यांना कावीळ झालेली असते. साधा उपाय असा, की त्या उजेडातला पहिला फोटो राखाडी किंवा पांढऱ्या कागदाचा काढायचा आणि पुढचे रंग त्या कागदावरून जुळवायचे.

व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चक्री असते, ती डोळ्याच्या नंबरासाठी असते. समोरच्या दृश्याकडे न बघता आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवायची. शस्त्रक्रियेनंतर नंबर बदलला की पुन्हा फिरवायची. पुष्कळ लोक ‘कॅमेरा फोकस धरत नाही’ म्हणून दुरुस्तीला नेतात, त्यातल्या काहींचं दुखणं एवढंच असतं. हाताचा कंप वयाबरोबर वाढतो, म्हणून पूर्वी सेकंदाच्या साठाव्या भागावर जमत असे तिथे आता १२५ किंवा २५० ठेवावा, कठड्याला कोपर टेकवावं आणि श्वास सोडता सोडता बटण दाबावं.

माळ्यावरच्या कॅमेऱ्याविषयी फार हळवं होण्यात अर्थ नाही, पण तपासून जरूर पाहावा. मागचं झाकण उघडलं की कडेच्या खाचांत काळा फोम दिसेल. तो बहुधा डांबरासारखा चिकट झालेला असतो आणि तिथूनच फिल्मवर उजेड शिरतो. टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो खरवडून काढावा. खाचेत काळ्या लोकरीचा एक पदर दाबून बसवला तरी काम चालतं. मग भिंगातून टॉर्च मारून बघावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात तिला सगळ्यांत जास्त पोसतं ते कॅमेऱ्याचं चामडी कव्हर, कारण चामडं ओल धरून ठेवतं. कव्हर वेगळं काढून कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवावा आणि आत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघावं. याशिकाच्या इलेक्ट्रो ३५ चा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. त्याजागी अडॅप्टरमध्ये ६ व्होल्टचा सेल घालतात आणि ते चालतं. क्लिक थ्रीला सेल लागतच नाही. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो, एवढाच त्याचा संसार.

बारा हा आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोबाइल घेऊन सकाळी तलावपाळीला एक फेरी मारली की सहज ऐंशी फोटो जमतात. आठवड्याचे पाचशे होतात, आणि ते कुणीही पुन्हा बघत नाही, काढणारासुद्धा नाही. फोटो काढणं इतकं सोपं झालंय की त्यातून एक निवडणं जमेनासं झालंय. हाताने करायच्या कामाचा उपयोग मला वाटतं इथे होतो. एका फोटोपासून कागदावर किंवा कापडावर काही करायला दीड दिवस मोडणार असेल, तर पाचशेतला एक उचलावाच लागतो. मग कळतं की रंग काढून घेतल्यावर पाचशेतल्या साडेचारशे फोटोंत काही उरत नाही.

रंग काढल्यावर काय उरतं? गडद-फिक्याची स्पष्ट आकृती. त्या दृष्टीने नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जायच्या आत बघून घ्याव्यात. जिन्याच्या लोखंडी कठड्यांची नक्षी, गॅलरीच्या जाळ्या, दाराच्या वरचे रंगीत काचांचे झरोके, तारेवर वाळणारे कपडे, जांभळी नाक्यावरच्या ताडपत्र्या आणि त्यांचे दोर. उजेडाच्या विरुद्ध बाजूने, सावलीची आकृती होईल असे हे फोटो काढावेत. खाडीवरच्या फ्लेमिंगोंच्या मागे मोबाइल घेऊन धावू नये, पदरी गुलाबी ठिपके पडतात. ते पाहायला ऐरोलीहून भरतीच्या वेळेनुसार बोटीने जावं आणि डोळे भरून पाहून यावं. खाडीच्या कडेची खारफुटी तोडून आणायची नाही हे सांगायला नको. पुढे सांगतो त्या छपाईत कागदावर ठेवायला पानं लागली तर सोसायटीच्या आवारात पिंपळ पुष्कळ गाळतो.

आता निळ्याकडे येऊ. सायनोटाइप, म्हणजे रसायनाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने निळं चित्र उमटवायची छपाई, इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, म्हणजे ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या मंडळींत होते. म्हणजे हे वेड आपल्याकडे काल-परवाचं नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ड्रॉइंग ऑफिसला नोकरी केलेल्यांना ‘अमोनिया प्रिंट’ आठवत असेल. तिच्यावर पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा असत. तिच्याही आधीची, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची खरी ब्ल्यूप्रिंट म्हणजेच सायनोटाइप.

दोन रसायनं लागतात. फेरिक अमोनियम सायट्रेट, तेही हिरवं, कारण तपकिरी प्रकाराने निळा मंद येतो. दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड, लाल-नारिंगी खडे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानांत चौकशी करावी. पहिलं २५ ग्रॅम १०० मिलीलिटर पाण्यात, दुसरं १० ग्रॅम १०० मिलीलिटर पाण्यात, वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत. पाणी बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड. पहिल्या बाटलीत काही आठवड्यांत हमखास बुरशी धरते, म्हणून एका वेळी थोडंच करावं आणि तवंग दिसला तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्यावं. दुसऱ्याच्या नावातल्या ‘सायनाइड’ने घाबरून जाऊ नये, पण ते तापवायचं नाही आणि संडास-बाथरूम धुण्याच्या ॲसिडच्या जवळपास न्यायचं नाही, कारण तीव्र आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू निघू शकतो. हातमोजे घालावेत, आणि या कामाची वाटी-चमचा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. नातवंडं येणार असतील त्या दिवशी बाटल्या कुलपात.

कागदाच्या निवडीत निम्मं यश असतं. झेरॉक्सचा कागद धुताना लगदा होतो. सुती हातकागद उत्तम, साधारण ३०० जीएसएमचा. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हे काम चालत आलंय. आर्काइव्हल म्हणून विकल्या जाणाऱ्या काही महागड्या कागदांत मुद्दाम चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. तो इतर चित्रांना टिकवतो पण या निळ्याला खातो, कारण सायनोटाइपला अल्कली सोसत नाही. हातकागद टीपकागदासारखा शोषत असेल तर आधी स्टार्चच्या पातळ खळीचे दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर.

रात्री, झिरोच्या पिवळ्या बल्बखाली, दोन्ही द्रावणं समान घ्यायची. ५ आणि ५ मिलीलिटरमध्ये हातकागदाची ए-फोर मापाची तीन-चार पानं होतात. ब्रश लोखंडी पट्टीचा नको, पत्र्याशी रसायन लागलं की कागदावर निळे ठिपके उमटतात. फोमचा ब्रश सगळ्यांत बिनधोक. एकदा आडवा, एकदा उभा हात फिरवायचा आणि थारोळं साचू द्यायचं नाही. अंधारात पंख्याखाली वाळवायचा. वाळलेला लेप पिवळसर हिरवा दिसतो. तो निळा-करडा दिसू लागला असेल तर कागद धुरकटलाय, त्यावर वेळ घालवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये कागद रात्रभरातसुद्धा नीट वाळत नाही आणि ओलसर कागदावरचं चित्र धुताना नळाखालीच वाहून जातं. अशा वेळी हेअर ड्रायरची गार हवा द्यावी आणि त्याच दिवशी छापून मोकळं व्हावं.

या पद्धतीत चित्र लहान-मोठं करता येत नाही. निगेटिव्ह जेवढी तेवढंच चित्र. म्हणून मोबाइलवर फोटो कृष्णधवल करायचा, कॉन्ट्रास्ट डोळ्याला जरा जास्तच वाटेल इतका वाढवायचा, उलटा म्हणजे निगेटिव्ह करायचा आणि हव्या त्या मापात ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, छापून घ्यायचा. ए-फाइव्ह मापाला १७४८ बाय २४८० पिक्सेल पुरतात. दुकानदाराला शीट कुठल्या प्रिंटरची ते नीट सांगावं. इंकजेटची शीट लेझर प्रिंटरमध्ये घातली तर आतल्या उष्णतेने वितळून रोलरला चिकटते, आणि मग त्या दुकानात पुन्हा जाता येत नाही. लेझरचा काळा पातळ पडतो. एकाच फोटोच्या दोन शीट तंतोतंत एकावर एक बसवल्या की काम होतं. क्लिक थ्रीच्या मोठ्या निगेटिव्ह थेट ठेवण्याचा मोह होईल, पण मूळ निगेटिव्ह भर उन्हात ठेवायची नाही. ती टॅब्लेटच्या पांढऱ्या पडद्यावर दोन-तीन सेंटिमीटर उंच धरून, पडद्याचे ठिपके फोकसमध्ये येणार नाहीत अशा बेताने, मोबाइलने टिपावी. काचेला चिकटलेले जुने फोटो सोडवायला जाऊ नये. काचेसकट स्कॅन करावेत, ओढले तर चेहरा काचेवर राहतो.

मग ऊन. खाली प्लायवूड, त्यावर लेप दिलेला कागद, त्यावर शीट, वर फ्रेमची साधी काच, चार बाजूंना चार क्लिपा. काच घट्ट बसली नाही तर रेघा फुटतात. ठाण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा आठ-दहा मिनिटं पुरतात. डिसेंबरात पंधरा-वीस, ढगाळ दिवशी पाऊण तास सुद्धा. माझे आकडे पाठ करू नका, कागदाची एक पट्टी वाया घालवा. तिच्यावर पुठ्ठा ठेवून दर तीन मिनिटांनी थोडा थोडा सरकवा, की तीन ते अठरा मिनिटांचे सहा घास एकाच पट्टीवर दिसतात. नेमकी खूण वेगळीच आहे. उघड्या भागाचा रंग पिवळा-हिरवा सोडून निळ्यावरून जातो आणि राखाडी-तपकिरी, जुन्या पितळेसारखा होतो, तेव्हा काढायचा. बहुतेकांचा कागद तिथे पोचायच्या आतच निघतो, कारण निळा दिसला की हात शिवशिवतात. तो निळा धुताना उतरतो.

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये उन्हाचा प्रश्न निराळा असतो. समोरच्या इमारतीमुळे बाल्कनीत दोन तासच ऊन येतं आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या आत ठेवून भागत नाही, विशेषतः काच रंगीत असेल तर, कारण आपल्याला लागणारे अतिनील किरण तीच अडवते. काचेबाहेर, उघड्या निळ्या आभाळाखाली सावलीतसुद्धा चित्र येतं. वेळ तिप्पट-चौपट धरायचा.

धुण्याचं पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सोसायटीत बोअरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी मिसळलेलं असेल तर निळा फिका पडतो आणि पांढऱ्यावर पिवळट छटा राहते. पहिल्या धुण्याला लिटरभर पाण्यात पाव चमचा लिंबूसत्व टाकावं, मग साध्या पाण्यात पिवळेपणा पुरता जाईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. त्याहून जास्त वेळ भिजत ठेवलं तर फिकट छटा निघून जातात. खरा गडद निळा एक-दोन दिवसांत हवेने चढतो. धीर नसेल तर औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, लिटरला एक मोठा चमचा, आणि त्यात कागद बुडवल्याबरोबर निळा असा उसळतो की पन्नास वेळा पाहिलं तरी जीव हरखतो.

निळा नको असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात, लिटरला एक चमचा, काही सेकंद बुडवून रंग फिकट पिवळा करायचा, भरपूर धुवायचा, आणि चार चमचे चहापत्ती अर्धा लिटर पाण्यात उकळून गार केलेल्या कोऱ्या चहात अर्धा तास ठेवायचा. चहातल्या टॅनिनने काळपट तपकिरी येतो. कागदही पिवळा पडतो, हे त्याचं मोल. जुन्या वाड्यांच्या फोटोंना हे शोभतं असं सगळे म्हणतात. मला ती लबाडी वाटते, कालच्या फोटोला मुद्दाम म्हातारा करण्याची.

कापडावर मात्र हा निळा कागदापेक्षा सुंदर दिसतो. नवं मांजरपाट असेल तर सोडा घालून उकळून त्याची खळ काढायची आणि सोडा उरणार नाही इतकं धुवायचं. आईच्या किंवा सासूबाईंच्या सुती लुगड्याचा तुकडा असेल तर उकळण्याची गरज नाही, ते आधीच पन्नास वर्षं धुतलेलं असतं. पॉलिस्टर मिसळलेलं पातळ घेऊ नये, रसायन त्यात मुरत नाही. असे वीतभर चौकोन छापायचे, दोन-तीन मधले थर घालायचे आणि गोधडीसारखा धावदोरा घालत कडेने आत आत यायचं. गोधडी शिवणारीला टाका कुठे लहान करायचा हे सांगावं लागत नाही. छायाचित्र छापणारा एक आणि शिवणारी दुसरी, अशी जोडी जमली तर काम वेगळ्याच उंचीवर जातं. ही गोधडी भिंतीवर टांगायची, अंगावर घ्यायची नाही, कारण साबणाच्या एका धुण्यात निळा पिवळा पडतो. कागदावरच टाके घालायचे तर आधी सुईने नुसती भोकं पाडून घ्यावीत, पाच-सहा मिलिमीटर अंतरावर. जवळजवळ पाडली तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. दोरा सुती, पॉलिस्टरचा दोरा कागद कापतो.

फोटो लाकडावर उतरवण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. लेझर प्रिंट पाहिजे, कारण टोनर हे प्लास्टिक आहे आणि पाण्याने हलत नाही. इंकजेटची शाई पसरते. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून छापायचा, नाहीतर दुकानाची पाटी उलटी वाचावी लागते. लाकडाला १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर मारायचा, अॅक्रिलिक जेल मीडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या चिकट लेपाचा, सारखा थर द्यायचा, प्रिंट पालथी ठेवून मधून कडेला बुडबुडे काढायचे आणि उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस हात लावायचा नाही. मग ओल्या बोटांनी मागचा कागद चोळून वळकट्या करत काढायचा. घाई झाली की कागदाबरोबर टोनरही येतो. नेहमीचा पांढरा फेविकॉलसारखा गोंद स्वस्त पडतो, पण चोळताना पाण्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून टाळावा. वाळल्यावर वर पांढरट साय दिसते, ते राहिलेले कागदाचे तंतू. पुन्हा चोळावं आणि शेवटी मीडियमचा पातळ हात द्यावा. पाडलेल्या इमारतीचं सागवान वखारीत मिळतं. ज्या दाराचा फोटो, त्याच दाराच्या फळीवर तो उतरवणं कधीतरी जमून जातं.

कृष्णधवल फोटो हाताने रंगवायची आपल्याकडची रीत एकोणिसाव्या शतकापासूनची. आजोबांचा गुलाबी गालांचा, जरीच्या काठाला खरं सोनेरी लावलेला फोटो बऱ्याच घरांत असतो. आज करायचं तर मॅट कागदावर प्रिंट काढावी, चकचकीत कागदावर रंग ठरत नाही. रंगीत पेन्सिली पुरतात. दोन रंगांवर थांबावं. आणि इथे पुन्हा पहिल्या परिच्छेदातल्या कागदाची आठवण ठेवावी. दोन डोळ्यांत फरक असेल तोवर फिका पिवळा आणि फिका निळा यांची निवड घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवून करावी.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नये, मध्ये जाड माउंट म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवीच. बाहेरच्या भिंतीवर टांगायची असेल तर पाठीमागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे भिंतीची ओल थेट पोचत नाही आणि हवा खेळते. कणकेची खळ लावून चिकटवलं तर कसर येते.

पश्चिमेच्या उन्हात टांगलेला सायनोटाइप वर्षभरात उतरलेला दिसेल. टाकून देऊ नका. भिंतीवरून काढून कपाटात, अंधारात, पण हवा लागेल असा ठेवा. उन्हाने विटलेला हा निळा अंधारात हवेतल्या प्राणवायूने बराचसा परत येतो. आठवड्याने दार उघडून बघा, आणि शक्य असेल तर दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघा.